हालचालींचे मेंदूविकार : मोठ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी काय पाहून ठेवावे?

पाणंद (धागाकर्ता)

घरातील कोणाचा हात थरथरू लागला की ‘कंपवात झाला’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या घरी वडिलांचा उजवा हात आणि आत्याचे दोन्ही हात थरथरत होते, म्हणून गावाने दोघांच्या दुखण्याला एकच नाव दिले. प्रत्यक्षात वडिलांना पार्किन्सन निघाला आणि आत्याला इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे पार्किन्सनहून वेगळा आणि पुष्कळदा आनुवंशिक असणारा कंप. या दोन्हींची औषधे निराळी, पुढची वाटचाल निराळी आणि घरच्यांनी घ्यायची काळजीही निराळी.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बहुतेक गावांतून मेंदूविकारतज्ज्ञांपर्यंत पोचायचे म्हणजे मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. रात्रभराचा प्रवास करून आंबलेला रुग्ण डॉक्टरांसमोर थोडी मिनिटे बसतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा हात शांत असतो. या विकारांचे निदान प्रामुख्याने पाहण्यावर चालते. पार्किन्सनमध्ये मेंदूचा एमआरआय बहुतेकदा सर्वसाधारणच येतो. तो काढतात तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचे पहिले नीटस वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढे अवघे ६ रुग्ण होते आणि त्यांतील काहींना तर त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. दिवसभर सोबत राहणारी घरची माणसे त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक पाहू शकतात; फक्त काय पाहायचे हे ठाऊक हवे.

पहिला प्रश्न असा, की हात नेमका कधी थरथरतो? पार्किन्सनचा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि हात मांडीवर निवांत पडलेला असताना किंवा चालताना बाजूला लोंबकळत असताना दिसतो. अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलतात आणि काही उचलायला गेले की कंप थोडा वेळ थांबतो. इसेन्शियल ट्रेमर याच्या उलट वागतो. हात स्वस्थ असताना तो दिसत नाही; बशीत चहा ओतताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना दोन्ही हात कापतात. अशा काही माणसांचा हात घोटभर दारूने स्थिर होतो, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे, मात्र तो उपचार नव्हे, हे आपल्या किनाऱ्यावर मुद्दाम सांगावे लागते. या कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही औषधे वापरली जातात. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना दमा आवर्जून सांगावा.

दुसरा प्रश्न हालचालींतील मंदपणाचा, आणि माझ्या मते तो कंपाहून महत्त्वाचा आहे, कारण पार्किन्सनच्या सगळ्याच रुग्णांना कंप नसतो, मंदपणा मात्र असतोच. नारळ खवताना पहिले काही फेर मोठे पडतात आणि मग हात आपोआप आखडत लहान फेर घेऊ लागतो. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. एक हात चालताना झुलत नाही, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज खाली जातो. रोज पाहणाऱ्याला हे कळत नाही. आमच्याकडे ते गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना आधी दिसले, आणि आम्ही ‘वय झाले’ म्हणून त्यांचीच समजूत काढत होतो.

काही खुणांचा हालचालीशी संबंधही वाटत नाही. वास येईनासा होणे, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे किंवा ओरडणे, या गोष्टी कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेल्या असू शकतात. मेंदूच्या खोल भागातील डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि हालचालीत फरक दिसेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. यांपैकी एखादी खूण असली म्हणजे पार्किन्सन होणारच, असे मात्र नाही.

आपापल्या घरचे अनुभव लिहावेत.

आगोट

मी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे मला औषधांच्या पिशवीबद्दल लिहायचे आहे. धाग्यात तो मुद्दा पहिला यायला हवा होता, असे माझे मत आहे.

पार्किन्सनसारखी दिसणारी अवस्था औषधांनीही होते, आणि ती औषधे फक्त मानसिक आजारांची नसतात. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन, अर्धशिशीसाठी दिलेली फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, ही सगळी मेंदूतील डोपामीनच्या कामात अडथळा आणू शकतात. यांत सर्वांत सहज नजरेआड होते ती लेवोसल्पिराइड, कारण ती पुष्कळदा आम्लपित्ताच्या गोळीतच मिसळलेली असते. घेणाऱ्याला वाटते की आपण ‘गॅसची गोळी’ घेतो आहोत. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा रिकामे पाकीट पुढे करून तीच गोळी महिनोन्‌महिने नेली जाते, आणि दरम्यान आजी हळू चालू लागतात, चेहरा मख्ख होतो, हात कापतो. मग त्या कापण्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते.

अशी अवस्था ओळखली गेली आणि कारणीभूत औषध थांबवले, तर ती बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. काही जणांत ती ओसरत नाही, आणि तेव्हा आत दडलेला खरा पार्किन्सन औषधाने उघड केला असण्याची शक्यता असते. पार्किन्सनच्या रुग्णाला तर ही औषधे विशेष घातक आहेत. उलटीच्या तक्रारीसाठी त्यांना बहुधा डोम्पेरिडोन देतात, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. हृदयाचा त्रास असल्यास त्यालाही जपावे लागते. नुसता कंप वाढवणाऱ्या औषधांची यादी आणखी निराळी आहे: दम्याची साल्ब्युटामॉल, फिटांवरची व्हॅल्प्रोएट, लिथियम. थायरॉइड वाढल्यानेही हात कापतात आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते.

माझी विनंती एवढीच, की डॉक्टरांकडे जाताना कागदावर नावे उतरवून नेऊ नका, घरातील सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. काढा, भुकट्या, जडीबुटीवाल्याने दिलेल्या पुड्या, सगळे न्या. मात्र हे वाचून कोणीही घरच्या घरी गोळी बंद करू नये. मानसिक आजाराची औषधे अचानक थांबवणे जितके धोक्याचे, तितकेच पार्किन्सनची औषधे एकदम बंद करणेही. त्यात तीव्र ताप, ताठरपणा आणि बेशुद्धी येऊन प्राणावर बेतू शकते.

सुरंगी

दोन्ही लेखन फार उपयोगी आहे. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन होऊन बरीच वर्षे झाली. औषधांबद्दल मला विशेष भर घालता येणार नाही. घराबद्दल मात्र पुष्कळ लिहिता येईल, कारण जुने कोकणी घर या आजाराला अनेक ठिकाणी आडवे येते.

सासूबाई ओटीवरून माजघरात येताना दारात थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि वरचे अंग मात्र पुढे जात राहते, तिथेच पडायची भीती असते. त्याच बाई पडवीच्या पायऱ्या मात्र सहज चढतात, त्यामुळे शेजारच्यांना त्या नाटक करतात असे वाटे. फिजिओथेरपिस्टनी सांगितले की दाराची चौकट, अरुंद जागा आणि वळण यांनी पाय अडकतात, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे; आणि समोर ओलांडायला स्पष्ट रेघ दिसली की मेंदूला दुसरी वाट सापडते, म्हणून पायऱ्या सोप्या जातात. आम्ही उंबरठ्यावर आणि त्याच्या अलीकडे जमिनीवर ठळक पिवळ्या पट्ट्या आखल्या. अंगणात चिऱ्यांची फरशी आहे, तिच्या सांध्यांवरून त्या विनासायास चालतात, गुळगुळीत लादीवर मात्र अडखळतात.

पाय अडकल्यावर हात धरून ओढू नये, हे घरातील लहान मुलांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना सांगून ठेवावे लागते. थांबू द्यावे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेऊ द्यावा, ‘एक, दोन’ म्हणावे, आणि मग पाऊल. आमच्याकडे टाळ्यांचा ठेका उपयोगी पडतो. सासूबाईंना भजनाची आवड, त्यामुळे तोंडाने अभंग धरला की चाल सुधारते. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायचा. हातात कळशी किंवा ताट देऊन चालायला लावायचे नाही, आणि चालताना मागून हाक मारायची नाही. दोन कामे एकदम आली की पाय थांबतात.

पावसाळ्यात शेवाळ हा खरा शत्रू आहे. न्हाणीघराकडे जाणारी वाट आम्ही जून लागण्यापूर्वी घासून घेतो आणि तिथे बांबूचा कठडा बांधला आहे. पाटावर बसणे बंद केले, खाटेचे पाय विटा लावून उंच केले, शौचासाठी कमोडची खुर्ची आणली. अंथरुणातून उठल्याबरोबर उभे राहायचे नाही, आधी काठावर बसायचे, कारण या आजारात आणि त्याच्या औषधांतही उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो.

जेवणाचे एक सांगायचे राहिले. पातळ पेज आणि सोलकढी हलकी म्हणून आपण आजाऱ्याला देतो, पण गिळण्याचा त्रास सुरू झालेल्याला पातळ पदार्थच आधी ठसकतात. पेज घट्टसर ठेवावी, लहान घोट द्यावेत आणि हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायला सांगावे. काटेरी मासा टाळावा किंवा काटे काढून द्यावा. जेवताना किंवा नंतर वारंवार खोकला येत असेल तर डॉक्टरांना कळवावे. अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातील मोठ्या संकटांपैकी एक आहे.

गलबत

आमच्या बांधावर खाजकुयली माजलेली असते. तिच्या बियांत पार्किन्सनचेच औषध आहे, असे अनेक ठिकाणी वाचले. मग मुंबईच्या फेऱ्या कशाला? वैद्यांकडून शुद्ध केलेल्या बियांचे चूर्ण घेऊन भागत नाही का?

आगोट

प्रश्न रास्त आहे, कारण मूळ माहिती खरी आहे. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनचे मुख्य औषध, असते आणि १९३७ साली भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. पार्किन्सनवर त्याचा मोठ्या मात्रेत यशस्वी वापर १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. अडचण मात्रेची आहे. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण वाणानुसार, जमिनीनुसार आणि साठवणीनुसार बदलते, त्यामुळे आजचा चमचा आणि पुढच्या महिन्याचा चमचा सारखा नसतो.

दुसरी अडचण अशी, की नुसते लेव्होडोपा पोटात गेले तर त्याचा बराचसा भाग मेंदूत पोचण्यापूर्वीच शरीरात डोपामीनमध्ये बदलतो आणि मळमळ, उलटी सुरू होते. म्हणून गोळीत त्याच्याबरोबर कार्बिडोपा घातलेले असते; ते ही उधळपट्टी रोखते आणि थोड्या मात्रेत काम भागते. गोळीही घ्यायची आणि चूर्णही घ्यायचे, असे करणाऱ्यांना मी पाहिले आहे. त्यांच्या अंगात वेड्यावाकड्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात किंवा भास होऊ लागतात, आणि डॉक्टरांना चूर्णाचे सांगितलेले नसल्यामुळे कारण सापडत नाही. वैद्यांकडून घ्यायचेच असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवून घ्या.

गलबत

पटले. बांधावरची खाजकुयली बांधावरच राहू दे.

झांज

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा पार्किन्सनभोवती फिरतो आहे, ते स्वाभाविक असले तरी हालचालींचे विकार म्हणजे केवळ मंदपणा आणि कंप नव्हे. न बोलावता आलेली हालचालही त्यांत मोडते, आणि तीच गावाकडे सर्वाधिक गैरसमजाला बळी पडते.

माझ्याकडे एक पखवाजवादक आले होते. बोल वाजवायला घेतला की त्यांची अनामिका आत वळत असे. त्याच बोटाने ते सदऱ्याच्या गुंड्या लावत, भात कालवत, काही त्रास नाही. घरच्यांना वाटले सरावाचा कंटाळा, त्यांना स्वतःला वाटले करणी. हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायूंना मेंदूकडून चुकीचे आणि अति आकुंचनाचे आदेश जाण्याचा प्रकार आहे, आणि तो एका विशिष्ट कामापुरताच उमटू शकतो. लिहिणाऱ्यांमध्ये तो लेखणी धरताना दिसतो. मान एका बाजूला ओढली जाणे, डोळे आपोआप गच्च मिटणे, हे त्याचेच इतर प्रकार होत. मान वळणारा माणूस हनुवटीला नुसते बोट लावतो आणि मान सरळ होते. पाहणाऱ्याला ते ढोंग वाटते, तज्ज्ञाला मात्र त्यावरूनच निदान सुचते. नेमक्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देणे हा यावरचा प्रमुख उपाय आहे. परिणाम साधारण ३ ते ४ महिने टिकतो आणि पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते, तेव्हा खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी मी पोटतिडकीने सांगतो. घसा सुजून गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शाळकरी मूल अचानक चुळबुळे झाले, हातातून वस्तू पडू लागल्या, चेहरा वेडावाकडा होऊ लागला, तर मास्तरांनी त्याला छडी मारू नये आणि घरच्यांनी देवाला गाऱ्हाणे घालून थांबू नये. संधिवाताच्या तापाशी निगडित असा सिडनहॅम कोरिया, म्हणजे अनैच्छिक हालचालींचा विकार, असू शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा तपासणे अत्यावश्यक असते. ज्या मुलाचे पाय सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत वाकडे पडतात, त्याला लेव्होडोपाच्या अगदी लहान मात्रेने आश्चर्यकारक गुण येणारा डिस्टोनिया असू शकतो. आणि तरुण वयात कंप, बोलणे अडखळणे, स्वभाव बदलणे, त्यात कावीळ होऊन गेल्याचा इतिहास असेल, तर विल्सन्स डिसीजची तपासणी झालीच पाहिजे. त्यात शरीरात तांबे साठते, डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसू शकते, आणि वेळेवर औषध सुरू केल्यास माणूस पुष्कळ सुधारतो. हा आजार जवळच्या नात्यातील लग्नांतून झालेल्या मुलांत अधिक आढळतो. एका भावंडाला निघाला तर बाकीच्यांचीही तपासणी करून घ्यावी.

सुरंगी

झांज, तुम्ही करणीचा उल्लेख केलात म्हणून विचारते. आमच्या वाडीत एका मुलीचे हात-पाय मधूनच जोरात हलतात, कोणी बोलण्यात गुंतवले की थांबतात. डॉक्टर म्हणाले मेंदूत दोष नाही, आणि गावाने लगेच ‘सोंग’ ठरवले. यात खरे काय समजायचे?

झांज

न पाहता निदान करणे योग्य नाही. पण लक्ष दुसरीकडे गेल्यावर थांबणारी किंवा लय बदलणारी हालचाल हे फंक्शनल विकाराचे लक्षण असते, आणि तो सोंगाहून पूर्णपणे वेगळा आहे. मेंदूची रचना शाबूत असते, काम करण्याची पद्धत बिघडलेली असते, आणि हालचाल त्या मुलीच्या हातात नसते. समजावून सांगणारा डॉक्टर, फिजिओथेरपी आणि गरजेप्रमाणे मानसोपचार यांनी अनेकांना चांगला गुण येतो. तिला दरडावणे आणि तिच्याभोवती घोळका जमवणे, दोन्ही थांबवले तरी निम्मे काम झाले. फिटांची शंका मात्र तज्ज्ञांकडून निवारून घ्यावी.

गलबत

आमच्याकडे आंबा बागायतीत फवारणीचे काम करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो, असे लोक म्हणतात. यात तथ्य आहे का?

पाणंद (धागाकर्ता)

कीटकनाशके आणि तणनाशके यांच्याशी दीर्घकाळ संपर्क आलेल्यांत पार्किन्सनचा धोका वाढलेला आढळतो, आणि पॅराक्वाट या तणनाशकाचे नाव त्यात वारंवार येते. रसायन हा आजार घडवू शकते, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात दिसले होते. नशेच्या भेसळयुक्त पदार्थातील एमपीटीपी या द्रव्याने तरुणांना थोड्याच दिवसांत पार्किन्सनसारखी अवस्था आली. पण एखाद्या बागेतील एखाद्या माणसाला त्याच कारणाने आजार झाला, असे ठामपणे म्हणता येत नाही. फवारणी करताना हातमोजे आणि मास्क वापरायला त्या ठामपणाची गरजही नाही. आपल्याकडे तोंडाला नुसता पंचा गुंडाळून फवारणी होते.

आता भेटीच्या तयारीविषयी. मोबाइलवर चार प्रकारचे चित्रीकरण पुरेसे होते: हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले, दोन्ही हात पुढे ताठ धरलेले, पेल्यातून पेल्यात पाणी ओतताना, आणि खुर्चीतून उठून चालत जाऊन वळून येताना. झोपेत हातपाय झाडत असतील तर तेही टिपावे. औषध सुरू झाल्यावर वहीत वेळा लिहाव्यात: गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळे झाले, पुन्हा कधी आखडले, अनावश्यक हालचाली कधी दिसल्या. आमच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवली ती या वहीवरून. त्यातूनच कळले की दुपारची गोळी माशाच्या जेवणाबरोबर घेतली की उशिरा लागू पडते. प्रथिने आणि लेव्होडोपा यांची आतड्यात आणि मेंदूच्या दाराशी चढाओढ होते, म्हणून गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. लोहाची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नसते. मासे सोडायची गरज पडली नाही, वडिलांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट.

पहिल्या वर्षांतच तोल जाऊन वारंवार मागे पडणे, नजर वर-खाली न फिरणे, लघवीवर ताबा न राहणे, औषधाचा काहीच गुण न येणे, यांपैकी काही असेल तर तो साधा पार्किन्सन नसण्याची शक्यता असते. ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

शस्त्रक्रियेबद्दल मला खासगी निरोपांतून विचारणा झाली आहे. मेंदूत तारा बसवून विद्युत् स्पंदने देण्याची डीबीएस ही पद्धत मुंबईत उपलब्ध आहे. ज्यांना लेव्होडोपाचा चांगला गुण येतो पण तो टिकत नाही, किंवा अनावश्यक हालचाली फार होतात, अशा निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो. औषधाने न सुधारणारा तोल तिनेही सहसा सुधारत नाही, आणि तिने आजार थांबत नाही. खर्च मोठा आहे, त्यामुळे जमीन विकायचा विचार करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

आगोट

एक सरकारी बाब जोडतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरले तर त्या कायद्याखालील अनेक सवलती लागू होतात. अर्ज ऑनलाइन करून तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. तपासणीच्या दिवशी वडीलधाऱ्यांची गोळी लांबवू नका. डायरी आणि चित्रफीत सोबत असली की आखडलेली अवस्थाही तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाला दाखवता येते.

सुरंगी

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याशी फोनवर बोलून पाहावे. आमच्यासारख्या आडगावातील लोकांना घरबसल्या व्यायामाचे मार्गदर्शन आणि समदुःखी माणसे, दोन्ही मिळतात. सासूबाईंना दुसऱ्या गोष्टीचा उपयोग अधिक झाला.